मक्याच्या मुलखात

परदेशी शिकायला जायचं ठरलं आणि घरी पेढे वाटले, की येणारा-जाणारा आधी शहराचं नाव विचारतो. न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो ही नावं ऐकली की त्याचं समाधान होतं. मी ‘एम्स’ म्हटलं की समोरचा क्षणभर थांबायचा आणि मग व्हिसाचं कुठवर आलं ते विचारायचा. शेवटी बाबांनी ‘शिकागोजवळ’ असं एक उत्तर ठरवून टाकलं. शिकागो तिथून साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे आमच्या अकोल्याहून मुंबई जेवढी लांब, साधारण तेवढंच.

एम्स हे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं गाव. लोकवस्ती ६६ हजारांच्या आसपास, त्यात निम्म्याच्या जवळपास विद्यार्थीच. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी नसती, तर मालगाड्यांच्या वाटेवरचं, धान्याच्या उंच कोठारांचं आणखी एक ठाणं म्हणून ते राहिलं असतं. गावाबाहेर पडलं की मका, मक्यानंतर सोयाबीन, सोयाबीननंतर पुन्हा मका. आणि जमीन काळी. तिथे उतरल्यावर ओळखीचं वाटलं ते एवढंच. वऱ्हाडातल्या माणसाला काळी माती दिसली की काय होतं, ते वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन मी मक्याचे वाण तयार करण्याचं शास्त्र शिकायला तिथे गेले होते.

मोठ्या शहरात परकं असणं त्या मानानं सोपं जातं, कारण तिथे अर्धं शहरच कुठून कुठून आलेलं असतं. आपल्या भाषेचे चार रूममेट, आपलं दुकान, आपला सिनेमा, आपलं देऊळ, एवढ्यात दोन वर्षं निघून जातात आणि पदवी हातात येते. तसं राहणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. परमुलखात आपलं माणूस शोधणं ही भूक आहे. एम्समध्येही भारतीय होते, मराठी होते, गणपती कुणाच्या तरी तळघरात बसायचा आणि आरतीला एवढी गर्दी व्हायची की बूट बाहेर बर्फात ठेवावे लागत. कारण तो गणपती सगळ्यांच्या परीक्षा सांभाळत भलत्याच महिन्यात बसलेला असायचा. पण आपली माणसं तिथे होती ती सणापुरती. रोजच्या दिवसाला पुरतील इतकी नव्हती. रोजचा दिवस गावाच्या हाती होता.

आणि लहान गावात माणूस दिसतो. बसचा ड्रायव्हर तुम्हाला ओळखायला लागतो. तुम्ही एरवी सव्वाआठच्या बसला असता हे त्याला माहीत असतं. उणे पंचवीस तापमानात तुम्ही कोपऱ्यावरून धावत येताना आरशात दिसलात तर तो थांबतो, दार उघडतो आणि काही न बोलता पुढे बघत राहतो. किराणा दुकानातली बाई विचारते, मागच्या आठवड्यात दिसली नाहीस, बरं नव्हतं का? पहिल्या वर्षी मला याचा त्रास व्हायचा. अकोल्यातल्या आमच्या गल्लीत कोण कधी आलं-गेलं याचा हिशोब ठेवणाऱ्या काकू मागे सोडून आले, असं वाटत होतं. पुढे तो हिशोब हवासा वाटू लागला.

एम्सचं नाव मी लहानपणीच वाचलेलं होतं. माझ्या वयाच्या बऱ्याच मराठी माणसांनी वाचलेलं असेल. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि त्यानंतर मुंजीत, वाढदिवसाला, दहावीच्या निकालाला ते घराघरांत गेलं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर म्हटलं की आपल्याला आधी अलाबामातलं टस्कीगी आठवतं आणि भुईमूग आठवतो. पण टस्कीगीला जाण्याआधीची पाच वर्षं तो एम्समध्ये होता. १८९१ साली आला, १८९४ साली पदवीधर झाला, त्या कॉलेजातून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय, आणि १८९६ साली दुसरी पदवी घेऊन बुकर टी. वॉशिंग्टनच्या बोलावण्यावरून दक्षिणेकडे निघून गेला. त्याच्या नावाची इमारत आज विद्यापीठाच्या आवारात आहे, गणिताचा विभाग तिच्यात भरतो. पहिल्या आठवड्यात मी नकाशा हातात धरून ती शोधत गेले. दारावरचं नाव वाचलं आणि पायरीवर बराच वेळ बसून राहिले.

कार्व्हर परदेशातून आलेला नव्हता. शेजारच्या मिसूरी राज्यात गुलामीत जन्मलेला मुलगा तो. पण परकेपण मोजायचं झालं तर आमच्यापैकी कुणाच्याही वाट्याला त्याच्याइतकं आलं नाही. कॅन्ससमधल्या एका कॉलेजानं त्याला पत्रानं प्रवेश दिला आणि प्रत्यक्ष बघितल्यावर दारातून परत पाठवलं. एम्सला आल्यावर त्याला बाकीच्या मुलांबरोबर जेवायला बसता येत नव्हतं, तळघरात शेतमजुरांच्या पंगतीला बसावं लागे. ही बातमी त्याच्या आधीच्या कॉलेजच्या गावाला, इंडियनोलाला, पोचली तेव्हा तिथल्या एक ओळखीच्या गोऱ्या बाई चांगले कपडे करून एम्सला आल्या, दिवसभर त्याच्याबरोबर आवारात फिरल्या आणि त्याच्याच शेजारी तळघरात जेवायला बसल्या. त्यानंतर त्याचे दिवस बदलले.

या बाईंचा प्रसंग मी लहानपणी नुसता चांगुलपणा म्हणून वाचला असता. एम्समध्ये राहिल्यावर त्याचं गणित कळलं. शहरात अशी बाई आली असती आणि गेली असती, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे सगळ्या आवारानं तिला बघितलं. लहान जागेत एका माणसाची वागणूक सगळ्यांना दिसते, म्हणून तिचं वजन पडतं. दुष्टपणाचंही पडतं, हे खरंच. पण चांगुलपणाचं पडतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मुळात कार्व्हर एम्सला आला तोही कुणाच्या तरी नजरेमुळे. इंडियनोलाच्या सिम्पसन कॉलेजात तो चित्रकला शिकत होता, लोकांचे कपडे धुऊन पोट भरत होता. त्याच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याची फुलापानांची चित्रं पाहिली, झाडांबद्दलचं त्याचं ज्ञान पाहिलं आणि त्याला वनस्पतिशास्त्राकडे वळवलं. त्यांचे वडील एम्सला फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. वर्गात मुलं थोडी होती म्हणून बाईंना एका मुलाकडे एवढं नीट बघता आलं, असं मला राहून राहून वाटतं.

माझं स्वतःचं शिक्षण वर्गापेक्षा शेतात जास्त झालं. जुलैमध्ये मका तुऱ्यावर येतो. त्या तीन-चार आठवड्यांत वाण पैदा करणाऱ्यांना दुसरं काही सुचत नाही. कणसाला केस फुटायच्या आधी त्याच्यावर छोटी मेणकागदी पिशवी चढवायची, म्हणजे वाऱ्यावरचा परका पराग त्याच्यावर पडत नाही. केस दिसायला लागले की संध्याकाळी शेंडा कापून टाकायचा. रात्रीत ते सगळे एका उंचीचे, ब्रशच्या केसांसारखे वर येतात. त्याच संध्याकाळी नर झाडाच्या तुऱ्यावर तपकिरी पिशवी बांधायची. सकाळी दव उतरलं की तुरा वाकवून झटकायचा. पिशवीत पिवळी भुकटी जमते. मग कणसावरची पिशवी उचलायची, भुकटी ओतायची, तपकिरी पिशवी कणसावर चढवायची आणि खोडाभोवती स्टेपलरनं टाचायची, हे सगळं एका श्वासात. मग पिशवीवर तारीख आणि जोडी लिहायची. प्रत्येक केसाचा एक दाणा होतो. पानांच्या कडांनी हात कापले जातात, घाम त्यात झोंबतो, आणि पिकातूनच एवढी वाफ निघते की डोक्यापेक्षा उंच मक्यात उभं राहिलं की हवा घोटासारखी गिळावी लागते.

हे मला कुणी प्राध्यापकानं शिकवलं नाही. आयोवातल्याच एका शेतकऱ्याच्या पोरानं शिकवलं. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. चौदा वर्षांचा झाल्यापासून तो दर उन्हाळ्यात तुरे खुडायला जात होता. तिथल्या पोरांची ती पहिली कमाई असते. मला म्हणाला, तुमच्याकडे हे काम कोण करतं? मी म्हटलं, बायका करतात, बहुतेक. तो गप्प झाला आणि मग त्यानं मला स्टेपलर उलटा धरायची युक्ती दाखवली. उन्हाळाभर आम्ही शेजारशेजारच्या ओळींत होतो. त्याला भारत नकाशावर नेमका दाखवता आला नसता. पण माझी आजी ज्वारीच्या कणसावरून हात फिरवून पिकाचं सांगायची हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याला त्यात नवल वाटलं नाही. त्याचे आजोबाही तसंच करत.

आता जरा आडवाटेनं जाते. कार्व्हर एम्सला असताना तिथल्या एका वॉलेस नावाच्या माणसाचा लहान मुलगा त्याच्याबरोबर रानात फिरायला जायचा. कार्व्हर त्याला झाडं दाखवायचा. तो मुलगा, हेन्री वॉलेस, पुढे त्याच कॉलेजातून शिकला, १९२६ साली त्यानं संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, जिच्या ‘पायोनियर’ नावाच्या पिशव्या मी आमच्या काकांच्या गोठ्यात पाहिलेल्या आहेत, आणि पुढे तो अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. १९४० च्या अखेरीला तो मेक्सिकोला गेला, तिथल्या शेतकऱ्याची मक्यासाठीची मेहनत त्यानं पाहिली, आणि त्यातून तिथे शेती सुधारण्याच्या कामाला गती मिळाली. त्या कामात नॉर्मन बोरलॉग आला, तोही आयोवाच्याच मातीतला. त्याच्या गव्हाचं अठरा हजार टन बियाणं १९६६ साली भारतानं आणलं. माझ्या आईच्या लग्नाआधीचे दिवस ते, रेशनचे.

पण मेक्सिकोत त्याच्याही आधी आमच्या वर्ध्याचा माणूस मक्यावर काम करत होता. डॉ. पांडुरंग खानखोजे. क्रांतिकारक म्हणून घर सोडलं, अमेरिकेत पोचले, गदर चळवळीत वावरले आणि वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन नावाच्या एम्सहूनही लहान गावातल्या कॉलेजात शेती शिकले. मायदेशी परतायची वाट इंग्रजांनी बंद केलेली. १९२४ पासून ते मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवत होते, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा चालवत होते. दिएगो रिव्हेरानं मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं. खानखोज्यांचं चरित्रही मराठीत वीणा गवाणकरांनीच लिहिलं. एम्समधल्या माझ्या खोलीत ही दोन्ही पुस्तकं शेजारीशेजारी होती. रात्री मालगाडीचा भोंगा लांबपर्यंत ऐकू येई, आणि मी पुलमनमधल्या त्या तरुण खानखोज्यांचा विचार करत असे. त्यांना घरून पत्रं येत असतील का? वऱ्हाडी बोलायला त्यांना तिथे कुणी भेटलं असेल का? मला निदान रविवारी फोनवर आजी विचारायची, “थंडी लय हाये का वं तिथं? जेवली का?”

विद्यापीठाच्या वाचनालयात जिन्याजवळच्या भिंतींवर ग्रँट वुडनं आखलेली मोठी चित्रं आहेत. एकात बैलांना नांगर जुंपून माळरानाचं गवत पहिल्यांदा फोडलं जातं आहे. मला ते चित्र सुरुवातीला फार आवडायचं. नांगर, बैल, सगळं घरचं. मग आमच्या विभागातल्या एका म्हाताऱ्या वनस्पतितज्ज्ञानं मला विचारलं, त्या गवताचं पुढे काय झालं माहीत आहे? आयोवाच्या मूळ माळरानातला हजारातला एक भागही आता उरलेला नाही. आणि ते रान ज्यांचं होतं त्यांचं काय झालं, हा पुढचा प्रश्न मी स्वतः विचारला. १८६२ च्या कायद्यानं अमेरिकी सरकारनं राज्यांना जमिनी दिल्या, त्यांच्या पैशातून शेतकी कॉलेजं उभी राहिली, आणि तो कायदा सगळ्यांत आधी मान्य केला आयोवानं. ज्यांच्याकडून जमिनी गेल्या त्यांच्यातले मेस्क्वाकी लोक हुसकावून लावल्यावरही परत आले. त्यांनी १८५७ साली टामा परगण्यात स्वतःच्या पैशानं ऐंशी एकर विकत घेतले. त्यांची वस्ती आजही तिथे आहे. आमच्या आवाराच्या दारावरून जो लिंकन वे जातो त्याच वाटेनं पूर्वेला गेलं की टामा येतं. मी गेले होते. मैलोन्‌मैल मका पाहून आल्यावर तिथे नदीकाठी दाट झाडी लागते. त्यानंतर, गावातल्या कुणी मला प्रेमानं ‘आमच्याकडे आलीस, बरं झालं’ म्हटलं, की त्या ‘आमच्याकडे’च्या मागे आणखी किती माणसं उभी आहेत हे मनात यायचं. माझ्या पदवीत त्यांचंही देणं आहे, असं मी मानते.

एम्समधली घरभाड्याची एक रीत बाहेरच्याला खरी वाटत नाही. पुष्कळ करार ३१ जुलैला दुपारी संपतात आणि नवे १ ऑगस्टला सुरू होतात. मधली एक रात्र अर्धं गाव बिऱ्हाड घेऊन रस्त्यावर असतं. गाद्या हिरवळीवर, कुकर पुस्तकांच्या खोक्यात, कुणी गाडीत झोपलेलं, कुणी प्रयोगशाळेत. ज्यांची मुळं तिथे आहेत ते घरी जातात. अडकतात ते आम्ही.

माझ्या पहिल्या ३१ जुलैला आकाश भरून आलं होतं. मी आणि माझी नेपाळी मैत्रीण झाडाखाली सामानावर चादर टाकून बसलो होतो. समोरच्या घरातल्या बाई बाहेर आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या. काही न विचारता त्यांनी गॅरेजचं दार वर केलं आणि गाडी बाहेर काढून रस्त्यावर लावली. आत सिमेंटच्या जमिनीवर खडूनं चौकोन आखलेले होते. त्यांनी आमच्यासाठी दोन नवे आखले, आमची नावं विचारली, अक्षरं एकेक करून नीट विचारली आणि ती चौकोनात लिहिली. बाकीच्या चौकोनांत आदल्या वर्षीची नावं पुसट दिसत होती. काही व्हिएतनामी असावीत, एक-दोन आफ्रिकेतली, एक बंगाली. कुणाच्या सामानाची सरमिसळ होऊ नये म्हणून, असं त्या म्हणाल्या. रात्री पाऊस कोसळला. मी त्यांच्या स्वयंपाकघरात सामानातून ज्वारीचं पीठ शोधून भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं. बाईंनी पीठ चिमटीत घेऊन हुंगलं आणि म्हणाल्या, हे आमच्या वडिलांच्या शेतात होतं. ते त्याचा रस काढून काकवी करायचे, दाणा मात्र जनावरांना. मग त्यांनी भाकरीचा तुकडा तोडला, चावला, दुसरी मागितली आणि वडिलांबद्दल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिल्या. त्यांनाही ते ऐकणारं कुणी हवं होतं. त्यांची मुलं शिकून मोठ्या शहरांत गेलेली, आमच्या वऱ्हाडातल्या मुलांसारखीच.

दिसण्याचा दुसरा भागही लिहिला पाहिजे. एम्सबाहेर, मुख्य रस्त्यापासून आत, अशी गावं आहेत जिथे चहा-कॉफीच्या दुकानात आम्ही शिरलो की बोलणं थांबायचं. कुणी वाईट वागलं नाही, पण बाहेर पडेपर्यंत पाठीला नजर जाणवायची. आणि घरी काही झालं, वडील आजारी पडले, तर भारताकडचं विमान गाठण्यासाठी आधी शिकागोपर्यंत पोचायचं, हे अंतर रात्री फार मोठं होतं. या गोष्टी खऱ्या आहेत. तरीही एका जानेवारीत माझी एक चिनी मैत्रीण खोलीत कोंडून घेऊन बसली, जेवेना, कुणाचा फोन घेईना, तेव्हा तिला बाहेर काढलं ते विभागाच्या कार्यालयातल्या बाईंनी. त्यांच्या लक्षात आलं होतं की तिच्या टपालाच्या खणात पत्रं तुंबली आहेत. त्या जेवणाच्या सुट्टीत तिच्या दारात गेल्या. पत्रांचा खण बघणारं कुणी आहे, एवढ्यावर एक मुलगी वाचली.

या वर्षी आमच्या ओळखीतली अमरावतीची एक मुलगी एम्सला निघाली आहे, सोयाबीनच्या रोगांवर काम करायला. तिचे आईवडील घाबरलेले आहेत. २०२५ च्या वसंतात अमेरिकेत कितीतरी परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी एकाएकी रद्द झाल्या आणि कोर्टात गेल्यावर पूर्ववत झाल्या, हे त्यांनी वाचलेलं आहे. मी त्यांना काळजी करू नका असं म्हटलं नाही. काळजी करण्यासारखं आहे. कागदपत्रं कुठे ठेवायची, कुणाला कळवायचं, अडचण आली तर विद्यापीठातल्या कुठल्या कचेरीत आधी जायचं, हे बसून सांगितलं. मुलीचा प्रश्न वेगळाच होता. “ताई, तिथं आपली माणसं किती आहेत?” मी म्हटलं, दिवाळीला पुरतील इतकी. मग ती हिरमुसली, आणि मी तिला गॅरेजवाल्या बाईंबद्दल सांगितलं.

तिच्या खोलीचा करार १ ऑगस्टला सुरू होतो आणि विमान त्याच्या तीन दिवस आधी उतरतं. बाईंना मी कळवलं आहे. त्यांचं उत्तर आलं: मुलीच्या नावाची अक्षरं नीट लिहून पाठव.